पट्टी सुटल्यानंतर



 अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी आपल्या नेत्रतज्ज्ञ परिषदेची प्रथा आहे. मोतीबिंदूच्या फेको शस्त्रक्रियेची नवी यंत्रे आणि नवी भिंगे यांवर इथे उत्तम निबंध वाचले गेले. त्यांची उजळणी मी करत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडद्याला येणाऱ्या सुजेबद्दल मला बोलायचे आहे. बरीच वर्षे ते मनात साचले आहे.

1953 साली आयर्व्हिन यांनी या दुखण्याचे वर्णन केले. 1966 मध्ये गॅस आणि नॉर्टन यांनी शिरेतून रंगद्रव्य देऊन फोटो काढले आणि पडद्याच्या मध्यभागी साचणाऱ्या पाण्याच्या पाकळ्या दाखवल्या. शस्त्रक्रियेमुळे डोळ्यात प्रोस्टाग्लँडिन सुटते, बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. ही सूज चौथ्या ते सहाव्या आठवड्यात भरात येते, हे आपले विद्यार्थीही परीक्षेत लिहितात. आणि आपण? महिन्याभरात चष्म्याचा नंबर देऊन रुग्णाला निरोप देतो. मोतीबिंदू शिबिरांचे यश दुसऱ्या दिवशीच्या नजरेवर ठरते. पट्टी सुटली, समोरची बोटे मोजली, फोटो निघाला, अहवाल पूर्ण! शस्त्रक्रियेनंतरचे थेंब बंद होतात, सूज वाढते, आणि त्या वेळी त्या माणसाकडे बघायला कोणीही नसते.

मराठवाड्यातले एक शिंपीकाका माझ्याकडे आले होते. मधुमेह जुना, शस्त्रक्रिया शिबिरात झालेली. सुरुवातीला सुईत दोरा ओवत होते. पुढे शिलाईची सरळ रेघ वाकडी दिसू लागली. ‘मोतीबिंदू परत आला,’ असे गावात कोणीतरी सांगितले, चष्माही बदलून झाला. भिंग जागेवर होते, डोळा शांत होता. पडद्याची ओसीटी तपासणी केली तर पडदा फुगलेला. शस्त्रक्रियेआधी बाहुली मोठी करून पडदा पाहिल्याची कागदावर एका ओळीचीही नोंद नव्हती. स्टेरॉइडचे आणि नेपाफेनॅकचे थेंब सुरू केले, डोळ्याचा दाब तपासत राहिलो. सूज ओसरली, पण तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले होते.

काल इथे वाद झाला: सूज टाळण्यासाठी स्टेरॉइडविरहित सूजनाशक थेंब द्यावेत का? बहुतेकांची सूज आपोआप उतरते आणि तीन महिन्यांनंतरच्या नजरेत थेंबांमुळे फरक पडल्याचा भक्कम पुरावा नाही, असे काही मित्र म्हणाले. मी त्यांना शिंपीकाकांचे ते महिने दाखवीन. हातावर पोट असणाऱ्याला तीन महिने म्हणजे काय, हे कोणत्या आलेखात दिसते? युरोपातल्या प्रीमेड अभ्यासात, मधुमेह नसलेल्या रुग्णांमध्येही, ब्रोमफेनॅक आणि डेक्सामेथासोन एकत्र दिल्यावर सूज कमी आढळली. मग मधुमेही, पूर्वी युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) झालेला किंवा शस्त्रक्रियेत भिंगाची मागची पिशवी फाटलेला रुग्ण असेल, तर आपण कशाची वाट पाहतो? माझ्यापुरता हा वाद मिटला आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या या सुजेवर लक्ष ठेवण्यासाठी परिषदेने एक समिती नेमावी, सामायिक नोंदी ठेवाव्यात. तपशील नवी कार्यकारिणी ठरवील. पण समितीसाठी थांबू नका. मधुमेह्याचा पडदा शस्त्रक्रियेआधी बघा. डिस्चार्ज कार्डावर सहाव्या आठवड्याची तारीख ठळक लिहा, आणि त्या दिवशी रुग्ण आला नाही तर त्याच्या घरी फोन करा.