किलिमांजारोचा वाटाड्या

टांझानियातील किलिमांजारो हा आफ्रिकेतील सर्वांत उंच पर्वत. त्याच्या माथ्याची उंची ५,८९५ मीटर आहे. नेहमीच्या वाटांनी चढताना दोराची गरज पडत नाही. त्यामुळे ही चढाई सोपी असावी, असा पुष्कळांचा समज होतो. परंतु येथे गाठ पडते ती विरळ हवेशी. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच उरतो, आणि शरीराला त्याची सवय होण्यास काही दिवस द्यावेच लागतात.

वाटाड्यावाचून या पर्वतावर चढण्यास परवानगी नाही. पहिल्या दिवसापासून वाटाड्याचे सांगणे एकच असते: ‘पोले, पोले’. स्वाहिली भाषेत याचा अर्थ सावकाश. धडधाकट तरुणास ती संथ चाल कमीपणाची वाटते.

अखेरची चढण बहुधा मध्यरात्री सुरू होते. भुसभुशीत राखखडीवर टाकलेले पाऊल अर्धे मागे घसरते. अशा वेळी एखाद्याचे डोके ठणकू लागते, तोल जातो, बोलणे अडखळते. वाटाड्या दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा न्याहाळतो आणि त्यास परत फिरावयास सांगतो. माथा जवळ आलेला असतो, वर्षाची पुंजी खर्ची पडलेली असते. तरीही ते ऐकावेच लागते. मेंदूत वा फुप्फुसांत पाणी साचू लागल्यास त्वरित खाली उतरणे हाच मुख्य उपाय असतो.

म्हणूनच तुकडीबरोबर एकाहून अधिक वाटाडे असतात. एक उरलेल्यांना वर नेतो. दुसरा परतणाऱ्याचा हात धरून, तितक्याच सावकाश, खाली उतरतो.