सेनापती बापट आणि मुळशीची लढाई



सेनापती म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि मागे दौडणारी फौज उभी राहते. आज ज्या सेनापतीविषयी मी बोलणार आहे, त्याच्यापाशी ना घोडा होता, ना जहागीर. त्याची फौज म्हणजे मुळशी खोऱ्यातले भातशेती करणारे मावळे. आणि पदवी दिली ती लोकांनी.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगरकडच्या पारनेरला झाला. मुलगा हुशार. शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनियर व्हायला गेला. तिथे ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केले, आणि शिष्यवृत्ती गेली! मग पॅरिसला जाऊन बाँबची विद्या शिकून ते १९०८ साली परतले. पुढे अज्ञातवास झाला, अटकही झाली. सुटून आल्यावर या माणसाने काय करावे? पारनेरच्या गल्ल्या हाती झाडू घेऊन साफ केल्या. पुढाऱ्याने आधी खाली वाकावे लागते, हा धडा त्यांनी तिथेच गिरवला.

आता मुळशीकडे वळू. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून त्या पाण्यावर मुंबईसाठी वीज काढायची, अशी टाटांच्या कंपनीची योजना होती. त्यासाठी पन्नासावर गावांची जमीन जाणार होती. आंबेमोहोर पिकवणारी ती खाचरे! सरकारने १८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या हाती दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे बायकापोरांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले. कंपनीला काही महिने काम थांबवावे लागले.

पण ही लढाई सरळ नव्हती, बरं का. परक्याशी लढताना शत्रू ओळखू येतो. इथे कंपनी देशी, वीज जायची ती आपल्याच मुंबईला. बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या. त्यांना नुकसानभरपाईचा पैसा हवा होता आणि कसणाऱ्याला जमीन. पुण्याच्या पुढाऱ्यांतही दोन तट पडले. घरातल्या घरातच हे भांडण! यादवीत सेनापतीची जी परीक्षा होते, तीच इथे बापटांची झाली. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे सहकारी बरोबर होते, तरी एकेक माणूस गळत चालला. काम पुन्हा सुरू झाले. धरपकड आणि शिक्षा चालू राहिल्या.

बापट मात्र मागे फिरले नाहीत. तुरुंगातून सुटायचे आणि पुन्हा मुळशीत यायचे. शेवटी १९२४ साली त्यांनी शस्त्र हाती घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. सत्याग्रहात शस्त्र कसे, असे तुम्ही विचाराल. तो प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि तो रास्तच आहे. त्या कृत्याने लढा काही वाचला नाही. पण आणखी एक गोष्ट विसरू नये: मुळशीत ज्याची वीतभर जमीन बुडत नव्हती, त्याने तिच्यासाठी सात वर्षांची सजा घेतली. १९३१ साली ते सुटले, तोवर खोऱ्यात पाणी भरलेले होते.

मग हा सेनापती हरलाच ना? धरणापुरते बोलायचे तर हो. मुळा पूर्वेला पुण्याकडे वाहते. पण धरणाचे पाणी डोंगर ओलांडून पश्चिमेला कोकणात भिऱ्याला उतरते आणि तिथे वीज होते. आजही तसेच चालले आहे. पण ज्याची जमीन, त्याला विचारा, ही मावळ्यांची मागणी बुडाली नाही. २०१३ साली नवा भूसंपादन कायदा झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची संमती हवी, असे त्यात लिहिले गेले. १९२१ सालच्या मावळ्याला हे कोणी विचारले नव्हते.

बापट पुढे गोव्याच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांची सहल मुळशीच्या तळ्याकाठी न्याल, तेव्हा डबे उघडण्यापूर्वी त्या पाण्याकडे बोट दाखवा. आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना बुडालेल्या गावांची नावे विचारा आणि मुलांना ती वहीत उतरवून घ्यायला सांगा. मग सेनापतींची गोष्ट सांगा. ती मुलांना नीट कळेल.