परदेशी उतारा आणि जिन्याचा प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपली मुलेमुली आज लंडन, म्युनिक, टोरांटो येथे शिकत आहेत, नोकऱ्या करीत आहेत. मुलाच्या पदवीदानास, मुलीच्या बाळंतपणास आईवडिलांनी जावे हे ओघानेच आले. परंतु अलीकडे वारंवार आमच्या पाहण्यात असे येते की, पारपत्र तयार आहे, व्हिसा हाती आहे, मुलगा तिकिटाचे पैसे भरावयास सिद्ध आहे. आणि तरीही आई जात नाही. विचारले तर थंडी, पथ्य, घराची राखण अशी नाना कारणे पुढे येतात. खरे कारण गुडघा असतो.

शाहू छत्रपतींनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगास आश्रय दिला. १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातून शिकावयास आलेल्या मुलास परक्या गावी निवारा मिळावा, हा त्यामागील हेतू. आता काळ उलटला आहे. मुलगा परगावी स्थिरावला असून निवारा शोधण्याची पाळी आईबापांवर आली आहे. मुलाची स्वतःची खोली एवढीशी, तीही बहुधा वरच्या मजल्यावर. म्हणून स्वस्त उतारा पाहावा लागतो, आणि तेथेच जिना आडवा येतो.

लंडनमधील पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस या भागांत स्वस्त हॉटेले पुष्कळ. त्यांतील अनेक म्हणजे गेल्या शतकाच्याही पूर्वीची, एकास एक लागून असलेली अरुंद राहती घरे होत. रस्त्यावरून दारापर्यंतच चार पायऱ्या, आत उभा जिना, आणि लिफ्ट बसवावी तर जागा नाही. इमारत वारशाच्या यादीत असली तर फेरफारास परवानगीही काढावी लागते. ॲमस्टरडॅमचे जिने आपल्या जुन्या वाड्यांतील जिन्यांची आठवण करून देतील इतके उभे आहेत. एक हिशेब मांडून पाहावा. खोली तिसऱ्या मजल्यावर, मजल्यास सतरा पायऱ्या. म्हणजे एका चढणीस एक्कावन्न. दिवसातून दोनदा बाहेर पडले तर चढउतार मिळून दोनशे चार. असा मनुष्य दुसऱ्या दिवसापासून खोलीतच बसून राहतो. मग वाचलेल्या भाड्याचा उपयोग काय?

मजल्यांच्या गणतीतही फसगत होते. इंग्लंडात आपल्याप्रमाणेच तळमजल्यानंतर पहिला मजला. अमेरिकेत मात्र तळमजल्यालाच पहिला म्हणतात. तेव्हा मजला विचारू नये, पायऱ्या विचाराव्यात. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकंदर किती पायऱ्या, कठडा एका बाजूस की दोन्ही बाजूंस, लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की अर्ध्या जिन्यावरून, हे पत्राने विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

न्हाणीघराकडे तर आपले लोक लक्षच देत नाहीत. टबात उभे राहून स्नान करावयाचे तर गुडघाभर उंच कड ओलांडावी लागते, आणि ओल्या पायाने ती ओलांडणे हे जिन्याहूनही धोक्याचे. सपाट जमिनीवरील फवारा आणि भिंतीस धरावयाची दांडी मागून घ्यावी. जपानातील स्वस्त हॉटेलांत लिफ्ट बहुधा असते, पण न्हाणीघराचा उंबरठा अनेकदा वीतभर उंच असतो.

मग जावे कोठे? जुन्या देखण्या घरांचा मोह सोडून प्रीमियर इन, ट्रॅव्हलॉज, आयबिस यांसारख्या साखळीतील नवी इमारत पाहावी. शोभा कमी, पण लिफ्ट बहुधा मिळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्रिटनमधील पुष्कळ विद्यापीठे वसतिगृहांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, त्यांचीही चौकशी मुलाकडून करवावी. अमेरिकेत १९९० च्या कायद्यान्वये हॉटेलांना अपंगांसाठी सोयीच्या खोल्या ठेवाव्या लागतात आणि आरक्षणाच्या वेळी त्यांचे वर्णनही द्यावे लागते. मात्र मालक स्वतः राहत असलेल्या पाच खोल्यांपर्यंतच्या घरास तो लागू नाही. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे. तळमजल्याची खोली मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

उताऱ्याबरोबर वाहनाचाही विचार हवा. लंडनच्या भुयारी रेल्वेची बहुसंख्य स्थानके अद्याप जिन्यांचीच आहेत. परंतु २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गावरील सर्व एक्केचाळीस स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरीविना जाता येते, आणि शहरातील बसगाड्या खालच्या पातळीच्या आहेत. पॅरिसमध्येही भुयारी रेल्वेपेक्षा बसच बरी.

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या करवीरकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपले राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ऐन विशीत तेथे निधन पावले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. तेथील कॅशिने उद्यानात त्यांची छत्री आजही उभी आहे. उद्यान सपाट आहे, पायऱ्यांची भीती नाही. पण ते साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री त्याच्या पार टोकाशी. तेव्हा तेथवर वाहन न्यावे. शहरातील स्वस्त खानावळवजा उतारे मात्र बहुधा जुन्या वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर असतात.

विमानतळावरील चाकाच्या खुर्चीसाठी विमान कंपनीस दोन दिवस आधी कळवावे. तिचे पैसे पडत नाहीत. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ती नाकारणारे आमच्या परिचयाचे आहेत. ज्या नगरीत नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली, तेथील माणसांनी तरी हा संकोच धरू नये. तसे पाहता, हे सभागृह वरच्या मजल्यावर असल्याने आपले दोन वयोवृद्ध सभासद या घटकेला खाली ओसरीवर ध्वनिक्षेपकापाशी बसून हे भाषण ऐकत आहेत. पुढील वर्षीचे संमेलन तळमजल्याच्या जागेत भरवावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे.

आपणांकडून एवढेच हवे आहे. जे परदेशी जाऊन आले, त्यांनी आपल्या उताऱ्याचे नाव, भाडे, पायऱ्यांचा आकडा आणि न्हाणीघराचा प्रकार एका कार्डावर लिहून दिवाळीपूर्वी मंडळाच्या कचेरीत द्यावा. पुढील अंकात ती यादी छापू. दाराबाहेरच्या पायऱ्याही मोजाव्यात.