उखाजी, नथूजी, सोपान

जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या पोटी एक मुलगी जन्मली. नाव ठेवलं बहिणा. घमा, गना, घना हे तिचे भाऊ. अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी. जळगावच्या नथूजी चौधरींशी तिचं लग्न झालं. ओंकार, सोपान आणि काशी ही तिची मुलं. हीच आपली बहिणाबाई. तिच्या गाण्यांवर पुष्कळ बोललं गेलंय. मला आज तिच्या घरातल्या नावांवर बोलायचंय.

उखाजी आणि नथूजी, सासर-माहेरची ही दोन नावं घ्या. एखाद्या घरी मुलं जगत नसली, की पुढचं मूल जन्मताच उकिरड्यावर ठेवायचं, मग दुसऱ्या कुणी उचलून ते आईच्या ओटीत घालायचं. टाकलेल्या पोराकडे काळ कशाला बघेल, हा त्यातला विचार. त्यातून उखा, उखर्डू ही नावं रुळली. दगडू, धोंडू, केरू त्याच वळणाची. भिका म्हणजे मागून घेतलेला. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे तो मुलगी वाटावा, तो नथू. देवी, पटकी, प्लेग यांच्या दिवसांत आईबापांच्या हाती दुसरं होतं तरी काय?

आज वर्गात आजोबांचं असं नाव निघालं, की पोरं हसतात. मला ते फार लागतं. या ओबडधोबड नावांत जेवढी धास्ती आणि माया आहे, तेवढी पुस्तकातून निवडलेल्या गोंडस नावात क्वचितच सापडते. मात्र ‘नकोशी’ची गोष्ट निराळी. ते नाव मुलीला वाचवायला नव्हे, नाकारायला ठेवलेलं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींची नावं समारंभाने बदलली, ते योग्यच झालं.

सोपान हे नाव वारकऱ्यांचं, ज्ञानदेवांच्या भावाचं. त्यांची बहीण मुक्ताबाई तर आपल्याच तापीकाठी मेहूणला विसावली, आणि एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. म्हणून इकडे घरोघर मुक्ता. आणि खुद्द नदीच्या नावाची तापीबाईही. सातपुड्यात, चोपडा-शिरपूरकडच्या पाड्यांवर, जन्मवारच नाव होतो: सोमा, मंगळ्या, बुध्या.

अशी नावं काळाच्या ओघात ओळखेनाशीही होतात. दूर वेल्स देशात पूर्वी ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’ असं लावून बापाचं नाव जोडत. ‘अप राइस’चं पुढे ‘प्राइस’ आडनाव झालं, आणि त्यातला बाप आता ओळखूही येत नाही. आपल्याकडे बापाचं नाव मधोमध उभं आहे. त्यामागची हकिगत मात्र पुसत चालली आहे.

धुळ्यात देह ठेवलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या नावांवरून जुन्या वसाहतींचा माग काढला. माणसांच्या नावांचं ते काम आपल्या घरातच करता येईल. घरातल्या आजीला, मोठ्या आईला आजच विचारा: आजोबांचं हे नाव कुणी ठेवलं, का ठेवलं? ती सांगेल ते तिच्याच अहिराणीत, तिच्याच लेवा बोलीत वहीत लिहून ठेवा, आणि खाली तारीख घाला.