श्रद्धा, भाकरी आणि ज्ञातीची पंगत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



व्यासपीठावर मजहून कितीतरी जाणती मंडळी बसली असता चिटणीसांनी हा विषय माझ्याकडे का सोपविला, हे त्यांनाच ठाऊक. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेले. धर्मश्रद्धा, आर्थिक स्वातंत्र्य आणि सार्वजनिक जीवन यांवर तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु या तिहींचा परस्परांशी काय संबंध आहे, हे आपल्या जालन्याशी निगडित असलेल्या एका जुन्या हकिकतीवरून चांगले उमगते. ती आधी सांगतो.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रि नावाच्या एका ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजून अजाण वयाचा; तोही मिशनऱ्याच्या घरी जाऊन राहिला. वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि न्यायालयाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. येथे प्रकरण मिटावयास हवे होते. पण खरा पेच पुढेच उभा राहिला. मिशनऱ्याच्या घरचे अन्न खाल्लेल्या मुलास ज्ञातीत परत घ्यावे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे असा पक्ष उचलला, तेव्हा सनातनी मंडळींचा रोष त्यांनाही सोसावा लागला.

या वादात त्या मुलाच्या मनात कोणता देव होता, याला फारसे महत्त्व नव्हते. वाद होता पंगतीचा. आणि पंगत म्हणजे केवळ जेवणाची रांग नव्हे. सोयरीक, उसनवारी, काम, आजारपणात धावून येणारी माणसे, शेवटी तिरडीला लागणारे चार खांदे, हे सारे पंगतीच्या मागोमाग येते. पंगत तुटली की एवढे सगळे तुटते.

तोच नारायण शेषाद्रि पुढे पाद्री होऊन १८६० नंतरच्या वर्षांत आपल्या जालन्यास आला. त्या वेळी जालना निजामाच्या मुलुखात होते व येथे फौजेची मोठी छावणी होती. त्याच्याकडे आलेल्यांत महार-मांग मंडळींचा भरणा होता. त्यांस केवळ धर्मोपदेश करून भागणार नाही, हे त्याने ओळखले. ज्याचे पोट गावाने घातलेल्या वाट्यावर चालते, त्याने गावाच्या मर्जीविरुद्ध पाऊल टाकले की वाटा बंद होणार, हे उघड होते. म्हणून निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभी केली. प्रार्थनामंदिर, शाळा आणि कसावयास शेत, असा तो बेत होता. त्याच्या धर्माशी आपल्याला कर्तव्य नाही. माझे बोट आहे ते शेताकडे. ज्याला ज्ञातीने दाराबाहेर उभे केले होते, त्याला प्रार्थनेच्या जोडीला जमीन लागते हे कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नव्हती.

हा अनुभव एकट्या जालन्याचा नाही. अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यास मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९३० साली आला. बहुतेक ठिकाणी या लोकांस आर्थिक स्वावलंबन नाही आणि त्यांनी आपला हक्क बजावू म्हटले की गाव बहिष्काराचे शस्त्र उगारते, असे समितीने स्पष्ट लिहिले. निमित्त काय, तर चांगले कपडे घातले, दागिना केला, नवरदेव घोड्यावरून नेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा दाखला पुढे आवर्जून दिला. हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरणाऱ्याची चूल दुसऱ्याच्या हाती असेल तर कागदाचे मोल किती, हा त्यांचा प्रश्न होता.

आता कोणी म्हणेल, हा गावाचा दोष, ज्ञातीचा नव्हे. मला तसे वाटत नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्यावरून केवढे वादळ उठले! रानडे सरकारी न्यायाधीश. त्यांची भाकरी ज्ञातीच्या हाती नव्हती. तरी १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा बोल सोसला. एवढ्या मोठ्या माणसाला ज्ञाती वाकवू शकते, तर सुगीला खळ्यावर उभे राहून वाटा घेणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांची काय कथा? आपण बलुतेदार. गावाचा आणि ज्ञातीचा असा दुहेरी धाक त्यांच्या डोक्यावर होता. पंचांनी दंड सांगितला की तो भरावयाचा, प्रसंगी भांडी गहाण ठेवून भरावयाचा. यास कोणी धर्माचरण म्हणत असे. मी त्यास धास्ती म्हणेन.

या धास्तीतून आपल्याला सोडविले कोणी? शाळेने सोडविले असे म्हणावयास मला आवडले असते. पण खरे सांगावयाचे तर जालन्याच्या बाजारपेठेचा वाटा मोठा आहे. सरकी काढणारे कारखाने, डाळीच्या गिरण्या, पुढे बियाण्यांचा धंदा, लोखंडी सळ्यांचे कारखाने. येथे कामाला लागलेल्या माणसाला आठवड्याचा पगार मिळाला, तो कोणत्याही पंचांना विचारून मिळाला नाही. त्या पगाराने त्याची श्रद्धा बुडाली असेही झाले नाही. उलट आषाढीला पंढरीस जाणारे आपल्यातले कितीतरी जण त्याच कमाईतून जातात, आणि स्वतःच्या मनाने जातात.

कायद्याकडेही थोडे पाहू. बहिष्कारास बंदी घालणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बहुमताने रद्द केला. धर्मसंप्रदायाला आपला कारभार चालविण्याचा अधिकार आहे, असे कारण दिले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र वेगळे पडले. २०२३ साली हा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला व तो २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. माझ्या अल्पमतीप्रमाणे, पूजेला कोणी बसावे हे पुजणाऱ्यांनी ठरवावे. पण पिठाची गिरणी, पाण्याचा नळ आणि मुलाची वही यांवर त्यांचा अधिकार पोहोचत नाही.

हे सारे मी आज का बोलतो आहे? मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना आली आहे. ज्या घरात ज्ञातीबाहेर विवाह झाला असेल, त्या घरातील मुलांस मंडळाची शिष्यवृत्ती देऊ नये, अशी ती सूचना आहे. सूचना करणारे सज्जन आहेत, ज्ञातीच्या काळजीपोटीच बोलत आहेत, हे मी जाणतो. ती कायद्यात बसते की नाही हे आपल्यातल्या वकिलांनी पाहावे. मी शिक्षक म्हणून एवढेच विचारतो की थोरल्या बहिणीने कोणाला वरले, याचा जाब नववीतल्या धाकट्याने पुस्तकांच्या पैशांतून का द्यावा? जुन्या पंचांनी पंगत तोडून जे केले, तेच आपण शिष्यवृत्ती तोडून करणार. फरक एवढाच की आता पावतीपुस्तक छापील आहे.

मंडळाने गरजूस द्यावे. घेणाऱ्याच्या घरची सोयरीक, त्याचे दैवत आणि त्याचे मत विचारू नये. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. ती खते दुसऱ्यांच्या नावावरची होती, याचा विचार कीर्तन संपल्यावर व्हावा.

येत्या सर्वसाधारण सभेत ही सूचना मतास येईल. मी तिच्या विरुद्ध आहे, हे येथे उघड सांगतो. त्याचबरोबर अध्यक्षांस माझी विनंती आहे की त्या दिवशी हात वर करून मत घेऊ नये, चिठ्ठीने घ्यावे. सभेत बसणाऱ्यांपैकी पुष्कळांचे कर्ज व्यासपीठावर बसणाऱ्यांच्या पतसंस्थेत आहे, आणि कोणाचा हात वर गेला हे व्यासपीठावरून फार स्पष्ट दिसते.