कर्ज एकाचं, संसार दोघांचा

वाशी-नेरूळच्या कितीतरी घरांत पगार दोघांचे, खर्च एकत्र. मग एकाचं कर्ज थकलं, तर दुसऱ्यानं फेडायलाच हवं का? केवळ नवरा-बायको आहेत म्हणून नाही. पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर बँक दोघांकडेही मागू शकते. म्हणून आधी करारावरच्या सह्या पाहा आणि हप्ते कमी करून मुदत वाढवण्याबद्दल बँकेशी लेखी बोला.

तरीही निभत नसेल, तर नादारीचा, म्हणजे दिवाळखोरी जाहीर करण्याचा, अर्ज करता येतो. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतली सर्वसामान्य कर्जदारांसाठीची तरतूद अजून लागू नाही. त्यामुळे जुनेच कायदे चालतात: मुंबई शहराला १९०९चा नादारी कायदा, तर वाशी-बेलापूरला, म्हणजे ठाणे जिल्ह्याला, १९२०चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. पनवेल-खारघर रायगड जिल्ह्यात येतात, कायदा तोच.

अर्जात सगळे धनको, रकमा आणि मालमत्ता लिहावी लागते. संयुक्त खात्यातला आपला वाटा दाखवा. जाणूनबुजून लपवणं गुन्हा आहे. बायकोचं स्त्रीधन मात्र तिचंच. घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, गरजेचे कपडे आणि मंगळसूत्रासारखा धर्मरीतीनं न उतरवायचा दागिना यांवर जप्ती येत नाही.

शेवटचं, पण महत्त्वाचं: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. कुठंही सही करण्याआधी तिथं जाऊन या.