एकाच नावाच्या दोन फायली

(नोंदी व अहवालांचे काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यातल्या बऱ्याच जणी केसपेपर अजून हातानेच लिहितात, पण तिमाही अहवालाचे आकडे मात्र संगणक काढतो. तो प्रोग्रॅम कुणीतरी होतकरू मुलगी सवडीने लिहून देते आणि नोकरी लागली की शहर सोडून जाते. मागे उरतात फायली. आज मी त्या फायलींच्या नावांबद्दल बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, पण जरा ऐका.

एका संस्थेत मी पाहिलेली गोष्ट सांगते. तिथे दोन प्रोग्रॅम होते. एक समुपदेशन केंद्राच्या नोंदींचा, दुसरा पोटगीच्या दाव्यांचा. दोन्ही पायथन भाषेत लिहिलेले, आणि दोन्हींत ‘मोजणी’ नावाची एकेक फाइल. केंद्राच्या मोजणीत बाई तीनदा आली तरी एकदाच धरायची. दाव्यांच्या मोजणीत प्रत्येक तारीख वेगळी धरायची. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबरच. पण पोटगीचा प्रोग्रॅम त्या यंत्रावर बसवला आणि पुढच्या तिमाहीत केंद्राकडे आलेल्या बायकांची संख्या एकदम फुगली. संगणकाने चूक झाली असं कुठेही म्हटलं नाही. शंका आली ती केसपेपर सांभाळणाऱ्या ताईंना. त्या म्हणाल्या, “इतक्या बाया आल्या असत्या तर माझी वही संपली असती.” त्यांनी हाताने मोजलं, तेव्हा उलगडा झाला. अहवाल तसाच गेला असता, तर पुढच्या वेळी खरा आकडाही कुणी मानला नसता.

झालं काय होतं? बचत गटात दोन मंगल असल्या तर आपण वरच्या आळीची मंगल, शिंप्याची मंगल असं म्हणतो. संगणक तसं करत नाही. पायथनकडे शोधायच्या जागांची एक यादी असते. आधी चालू प्रोग्रॅमचं स्वतःचं फोल्डर, मग ‘पायथनपाथ’ नावाच्या सेटिंगमध्ये आपण लिहिलेल्या जागा, मग भाषेचं स्वतःचं भांडार, मग बाहेरून आणून बसवलेली पॅकेजं. जिथे ते नाव पहिल्यांदा सापडेल तिथे शोध थांबतो. दुसरी मंगल आहे का, हे तो विचारतही नाही. त्या संस्थेत अहवालाचा प्रोग्रॅम एका पोटफोल्डरमध्ये होता, त्यामुळे मोजणी त्याच्या शेजारी नव्हती, ती यादीतून शोधावी लागे. आणि नव्या प्रोग्रॅमचं फोल्डर त्या यादीत जुन्याच्या आधी लिहिलं गेलं होतं. एवढंच.

आणखी एक खोड लक्षात ठेवा. एकदा फाइल उचलली की तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंत पायथन त्या नावाला तीच धरून बसतो. म्हणजे एकाच प्रोग्रॅमला दोन्ही मोजण्या हव्या असतील, तर दुसरी मागितली तरी पहिलीच हातात येते.

हा घोळ काही पायथनचा एकट्याचा नाही. १९९०च्या दशकात विंडोजवर नवा प्रोग्रॅम बसवला की तो सामाईक सिस्टम फोल्डरमधली डीएलएल फाइल त्याच नावाच्या वेगळ्या आवृत्तीने पुसून टाकायचा आणि जुना प्रोग्रॅम बंद पडायचा. लोक त्याला ‘डीएलएल नरक’ म्हणत. आणि २०२१ साली उघड झालं की ॲलेक्स बिर्सान या संशोधकाने कंपन्यांच्या खाजगी पॅकेजांचीच नावं घेऊन सार्वजनिक भांडारांत आपली पॅकेजं ठेवली होती. पस्तीसहून अधिक कंपन्यांच्या यंत्रांनी ती उचलली, त्यांत ॲपल आणि मायक्रोसॉफ्टही होत्या. तो शोधाशोध करणारा माणूस होता म्हणून बरं, चोर नव्हता.

आता उपाय. पहिला आणि खरा उपाय म्हणजे पूर्ण नाव. प्रत्येक प्रोग्रॅमच्या फायली त्याच्या स्वतःच्या नावाच्या फोल्डरात ठेवायच्या आणि हाक मारताना ‘समुपदेशन टिंब मोजणी’, ‘पोटगी टिंब मोजणी’ अशी मारायची. (आपल्याला पूर्ण नावात बापाचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटवतात, इथे निदान फोल्डरावर भागतं.) फक्त ते बाहेरचं नाव तरी वेगळं हवं. दोन्ही फोल्डरांना ‘प्रकल्प’ म्हटलंत तर पुन्हा तेच रामायण. भाषेच्या भांडारातली नावंही आपल्या फायलींना देऊ नका. ‘रँडम’ किंवा ‘कॅलेंडर’ नावाची फाइल केलीत, तर तिथली खरी झाकली जाते. २०२४च्या पायथन ३.१३पासून अशा घोळाने चूक उद्भवली तर तो निदान तसा इशारा देतो.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं घर. ‘व्हेन्व्ह’ ही सोय पायथनमध्ये २०१२पासून आहे. बाहेरून आणलेल्या एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या एका घरात नांदत नाहीत, त्यासाठी ती उत्तम. पण पुष्कळ जण सांगतात की व्हेन्व्ह केलं की सगळं मिटलं, ते मला पटत नाही. पायथनपाथ तसाच ठेवलात, तर त्यातल्या जागा या नव्या घरातही येतात. ती सेटिंग आधी काढून टाका.

आणि दोन्हीकडे एकच मोजणी खरोखर लागत असेल, तर तिच्या नकला करू नका. तिचं स्वतंत्र नावाचं एक पॅकेज करा आणि दोन्ही घरांत तेच बसवा. नकला केल्या की एक दुरुस्त होते, दुसरी राहून जाते.

कुठली फाइल उचलली गेली हे पाहणं सोपं आहे. मॉड्यूलच्या नावापुढे टिंब द्यायचं, मग ‘फाइल’ हा शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर, आणि ते छापायला सांगायचं. पूर्ण पत्ता समोर येतो. ज्यांनी आपली यंत्रं आणली आहेत त्यांनी जेवणानंतर पुढच्या बाकांवर बसावं, प्रत्येकीचा पत्ता आपण छापून पाहू. केसपेपरची वहीही बरोबर असू द्या.